पाठवणीची चाल

बाबा, तुमच्या नातीनं शनिवारी इथं कार्ल्सरूहेच्या संगीतशाळेत तुमची पाठवणीची चाल क्लॅरिनेटवर वाजवली. मांडवातून नवरी निघाली की तुमचा बँड वाजवायचा, तीच. आधी जर्मनमध्ये ठसक्यात म्हणाली, ही माझ्या आजोबांच्या उस्तादांनी बांधलेली आहे. मीच पढवलं होतं. कार्यक्रम संपल्यावर तिच्या बाईंनी मला बाजूला घेतलं आणि कपाटातून एक पिवळं पडलेलं छापील पुस्तक काढलं. "अहो, हा तर आमच्याकडचा वॉल्ट्झ! एकोणिसाव्या शतकात इथल्या नाचघरासाठी लिहिलेला. तुमच्याकडे कसा पोचला?" चिडल्या नव्हत्या, उलट हरखल्या होत्या.

कसा पोचला ते मला चांगलं ठाऊक आहे. मी चौथीत होते. तुमचा क्लॅरिनेटवाला दुसऱ्या बँडच्या लग्नात ती चाल वाजवून आला, आणि मिरजेच्या आपल्या दुकानात तुम्ही सगळ्यांसमोर त्याची गचांडी धरलीत. "उस्तादांनी मला एकट्याला दिलेली चाल चोरतोस?" तो म्हणतो, "मास्तर, ती गोऱ्यांच्या नाचातली हाय. माझा बाप बेळगावच्या कॅम्पात वाजवायचा, त्यानंच तुमच्या उस्तादाला दिली. त्यांच्या वहीत बघा की." तुम्हाला कुठं वाचता येत होतं! सगळं कानानं उचललेलं. उस्तादांची ती वही तुम्ही खंडेनवमीला वाद्यांबरोबर पुजायचात, उघडायचा नाहीत. "वाच गं," म्हणून तुम्ही ती माझ्या हातात दिलीत.

सरगमीच्या वर उस्तादांनी स्वच्छ लिहिलं होतं: साहेबाच्या नाचाची चाल, कॅम्पातल्या बँडवाल्याकडून उतरवून घेतली. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात, बाबा. मला तुमची दयाही आली, भीतीही वाटली. मी मोठ्यानं म्हटलं, "ही चाल मी स्वतः बांधली, असं लिहिलंय."

क्लॅरिनेटवाल्यालाही वाचता येत नव्हतं. तुम्ही त्याला हाकललंत, आणि गावात पुन्हा कुणी त्याला बँडमध्ये उभं केलं नाही. पुढं तो मंडईत हमाली करताना दिसायचा. मी रस्ता बदलायचे.

बाईंचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. परवा घरी येताना ट्राममध्ये नातीनं जर्मनमध्येच विचारलं, "ममा, तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही गं. आजोबांना वाचता येत नव्हतं ना, म्हणून घोटाळा झाला." खापर तुमच्यावर फोडून मोकळी झाले. तिनं क्लॅरिनेटची पेटी मांडीवर घट्ट धरली.

तुम्ही तर गेलात, आता हे पत्र तरी कुठं पाठवणार? तिलाच वाचून दाखवावं म्हणून बसले होते. पण "मला वाचता येत होतं," एवढं एकच वाक्य अजून तोंडातून निघत नाही.