मामाचं मशीन

बोरी अरब, ता. ८ एप्रिल १९६२

सौ. विमलताईस वामनचा शि. सा. न. वि. वि.

जयाच्या लग्नाला तांड्यावरच्या गुलाबसिंगचा लाउडस्पीकर ठरवलात, हे वाचून हसावं की रडावं कळेना. सख्ख्या मामाकडे नागपूरहून आणलेलं नवं अॅम्प्लिफायर असताना मंगलाष्टकं त्या खरखऱ्या खोक्यातून? माझ्या मशीनचा आवाज मधाचा, त्याचा पत्र्याचा. भाऊजींना फरक कळायचा नाही. त्यांचे कान जिनिंगच्या घरघरीत गेले. ते खोकं वाजलं तर मी जयाच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहणार नाही.

रागावलो तरी धाकटाच आहे, माया पातळ करू नये.

वामन

पुसद, ता. १५ एप्रिल

चि. वामन यास अ. आ.

तुझे कान किती तिखट ते मला ठाऊक आहे. पोळ्याला दोन्ही मशिनं लावली, तेव्हा तू आपल्याच मशीनचा आवाज वाढवून ठेवलास. लोकांना मोठं तेच गोड वाटलं. हे म्हणतात, भोंगा तोच, तबकडी तीच, आवाज सारखा ठेवला तर कायचा फरक पडून राह्यला! गुलाबसिंगला शब्द दिला आहे, तो मोडणार नाही. जया मात्र रोज विचारते, मामा येईल ना. खोक्याशी खुशाल भांड, पोरीशी नको.

वहिनीस आशीर्वाद. येण्याइतका लोभ तरी ठेव.

ताई

बोरी अरब, ता. ३ मे

सौ. ताईस शि. सा. न.

मी मशीन घेऊन आलो होतो. मांडवावर त्याचाच भोंगा पाहिला, मशीन ओसरीवर ठेवलं आणि निघालो. मान नाही तिथं कशाला थांबायचं? मोटार स्टँडावर मंगलाष्टकं ऐकू आली. तिथूनही ओळखलं! तीच खरखर, तोच पत्रा. भटजी विहिरीत पडून ओरडतोय असं वाटलं. भाऊजींना हे जरूर वाचून दाखव, आणि माझं मशीन जपून पाठव.

लोभाचं तूच बघ.

वामन

पुसद, ता. ९ मे

चि. वामन यास आ.

यांना वाचून दाखवलं.

तू गेल्याचं कळताच जयानं गुलाबसिंगला तुझं मशीन जोडायला सांगितलं. त्यानं कुरकुर न करता आपलं काढून ठेवलं. आवाज स्टँडापर्यंत जाईल, मामा आपलं मशीन ओळखेल आणि परत येईल, असं तिचं म्हणणं. तू नाक मुरडून ऐकलंस ते तुझंच मशीन होतं.

अंतरपाट धरला तरी ती मागे वळून बघत होती. मामाच्या जागी दुसऱ्या कुणाला उभं करू का, असं मी विचारलं. नको म्हणाली, मामा येतोय.

लोभ आहेच, आज लिहवत नाही.

ताई