गालाला सोसेल तेवढंच

बोईसर, ३ नोव्हेंबर २०२४

ती. दिनानाथदादांस शि. सा. न. वि. वि.

विडी सुटावी म्हणून बोटीवरच्या नोकरीतला आपला पाइप तुम्ही मला दिलात, त्याबद्दल गंभीर तक्रार नोंदवतो. एका पाइपाला अर्धी काडेपेटी जाते आणि जीभ अशी भाजते की पेजसुद्धा तिखट लागते. वीस वर्षं बॉयलर चालवणारा माणूस चिमूटभर तंबाखूपुढे हरला. गेटबाहेरच्या टपरीवर आमचा भट्टीवरचा फायरमन जिवल्या आपली काडेपेटी देतो आणि वर म्हणतो, की भाऊ, तुमी एवढा बॉयलर सांभालता नि ही चिलीम नाय सांभालत. काल त्याची पेटी मी संपवली. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून हे लेखी.

तुमचा भाजका भाऊ,
प्रफुल्ल

एडवण, ७ नोव्हेंबर

चि. प्रफुल्ल यास अ. उ. आ.

तू पाइप ओढत नाहीस, भाता चालवतोस. तंबाखू तळाशी सैल सोड, वर जरा दाब. पहिली काडी नुसतं तोंड काळं करण्यापुरती. राख हलकी दाबून मग दुसरी. पुढे कढत चहासारखे बारीक घोट घे, आणि दोन घोटांत चार श्वास मोकळे सोड. विझला तर विझू दे. मधूनमधून पाइप गालाला लावून बघ. सोसला नाही तर खाली ठेव. तुझी वहिनी विचारते, भावजींना एवढी घाई कसली?

दिनानाथ

बोईसर, १२ नोव्हेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

रविवारी घरी पाऊण तास चालला, गाल गार. तुमच्या भावजयीने, दीपिकाने, घड्याळ लावलं होतं. सोमवारी पाळीआधी टपरीवर तोच पाइप, तीच तंबाखू, आणि गाल पोळला.

वहिनींना सांगा. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडतो, वाफ वाया जाते, म्हणून मॅनेजरने तो तारेने बांधून घेतलाय. दाब वाढला तर वाफेला वाट नाही. दहा दिवस मी रजिस्टरात 'ठीक' लिहून सही करतोय. जिवल्या भट्टीच्या दारासमोर उभा असतो. त्याला तारेचं ठाऊक नाही. नोकरी जायची भीती आणि नोकरीवर जायची भीती, ह्या दोन्ही भीतींत पाइप ओढतो, म्हणून ही घाई.

प्रफुल्ल

एडवण, १५ नोव्हेंबर

चि. प्रफुल्ल यास अ. उ. आ.

पत्र वाचून तुझी वहिनी ताटावरून उठली. मला पाइपापलीकडचं काही येत नाही, म्हणून तेच सांगतो. गालाला सोसत नाही ते खाली ठेव. विझलेले पाइप मी शेकड्यांनी पुन्हा पेटवलेत. तडकलेला एक होता, तो समुद्रात टाकला. लगेच लिही. वहिनी पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसून असते.

दिनानाथ

बोईसर, १९ नोव्हेंबर

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

काल रजिस्टरात 'व्हॉल्व्ह बांधलेला, बॉयलर बंद' असं लिहिलं, जिवल्याला तार दाखवली आणि दोघांनी भट्टीतली आग बाहेर ओढून काढली. दाब उतरल्यावर तार मीच कापली. पक्कड दोनदा हातातून पडली. मॅनेजर म्हणाला, पागल हो गये हो क्या. रजिस्टराचा फोटो मी बॉयलर तपासणी कचेरीकडे पाठवला, आणि मॅनेजरने मला घरी. तार पुन्हा बांधतील का, माहीत नाही. कुठे मोठा आवाज झाला की दीपिका अजून खिडकीकडे धावते. जिवल्या एवढंच म्हणाला, की भाऊ, एवढे दिस माजी काडेपेटी घेत व्हतात, नि हे बोलला नाय.

वहिनींना ओट्यावरून उठवा. लोभ आहेच, तो गार होऊ देऊ नका.

तुमचा,
प्रफुल्ल

ता. क. आज टपरीवर गेलो. जिवल्याने बाकावर सरकून जागा दिली. पाइप दोन काड्यांत लागला, गालाला कोमट. निघताना नवी काडेपेटी त्याच्या शेजारी ठेवली.