बाहेरचा उंबरठा

गुरुवार, २० फेब्रुवारी
परवाच्या नोंदीत चूक आहे. मनू रांगायला लागली, असं लिहिलंय. रांगत नाही, सरपटते. पोट जमिनीला टेकलेलं असतं आणि डावा पाय नुसता मागून येतो. बाबांनी मला घरीच अक्षरं शिकवली, तेव्हा सांगितलं होतं: चुकलं तर खोडायचं नाही, खाली खरं काय ते लिहायचं. तर खरं हे, की मनूच्या वडिलांचं, गुरुप्रसादचं, अजून काहीच हुकलेलं नाही. बारशानंतर त्याला मुंबईहून यायला जमलं नाही. गणपतीलासुद्धा रजा नाही मिळाली. कोकणातल्या माणसाला गणपतीला सोडत नाहीत म्हणजे त्याच्यावाचून कंपनीचं किती अडत असेल. शिमग्याला नक्की येतो म्हणालाय.
आईंना (माझ्या सासूबाईंना) सरपटण्या-रांगण्यातला फरक पटला नाही. म्हणाल्या, "पोटावर गेली काय नि गुडघ्यावर गेली काय, चुलीपाशी पोचली ना?"

सोमवार, २४ फेब्रुवारी
पोट उचललं. पण जाते मागे मागे. पुढे जायला जोर लावते, कॉटखाली जाऊन अडकते आणि आमच्यावरच रागावून रडते. मागे जाण्याला रांगणं म्हणत नाहीत. निदान मी म्हणणार नाही.
उद्यापासून जमीन दोनदा पुसायची. चार्जर कपाटावर.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
दोनदा पुसूनही मेलेली मुंगी तिला सापडलीच. गिळली. डॉक्टरांना फोन केला. हसले.
संध्याकाळी गुरुप्रसादचा व्हिडिओ कॉल. मनूला मांडीवर घट्ट धरून बसले, ती सुटायला बघत होती. त्याने पहिल्यांदा समोर बसून बघावं, मोबाईलवर नको. रांगते का, असं त्याने विचारलं नाही. त्यामुळे मला खोटं बोलावं लागलं नाही. बरंच झालं.

मंगळवार, ४ मार्च
पुढे रांगते. लिहायलाच हवं. झाडूमागे जाता जाता मधल्या खोलीचा उंबरठा ओलांडला.
आमच्याकडे मूल पहिल्यांदा उंबरठा ओलांडतं तेव्हा कानवले करतात आणि उंबरठ्यावर बसवून शेजारच्या पोरांना खायला घालतात. आई लगेच नारळ सोलायला बसल्या. मी म्हटलं, हा आतला उंबरठा. खरा तो बाहेरचा. आणि तेव्हा मुलाचा बाप घरात हवा. "कोनी सांगलान तुला?" आईंनी विचारलं. कोणी नाही. पण विचार केला तर पटतं.
बाहेरच्या दाराला आंब्याच्या पेटीच्या फळ्या आडव्या ठोकल्या. शिमग्यापर्यंतचाच प्रश्न आहे.

शनिवार, ८ मार्च
येसूकाकी मासळीची पाटी घेऊन आली आणि फळ्यांना अडखळली. बांगडे ओटीभर. "पोरीला कोंडतंस का माझे पाय मोडतंस?" म्हणाली. मनू फळीला धरून उभी राहून बांगड्यांना हाका मारत होती.
(उभी राहिली. पण धरून. हे मोजायचं नाही.)

गुरुवार, १३ मार्च
होळी. वाडीतले सगळे मुंबईकर आले. गुरुप्रसाद नाही. त्याच्या खोलीवरचा सागर आला. मी विचारलं, हे तुमच्याबरोबर निघाले नाहीत का? तो म्हणाला, "वहिनी, गुरू आता आमच्यात कुठे असतो? गणपतीच्या आधीच खोली सोडलीन." मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चहा न घेता गेला.
विचार केला. आमच्यासाठी वेगळी खोली घेतली असणार, तिघांना पुरेल अशी. सगळं लावून झाल्यावर सांगायचं असेल. माणूस मुळात व्यवस्थित आहे.
आईंना बोलले नाही. त्या उगाच भलता अर्थ काढतील.

रविवार, १६ मार्च
आज पालखी आमच्या दारात. फळ्या काढाव्या लागल्या, देवाला अडवणार कसं? मी ओटी भरत होते. ढोल थांबला, म्हणून वळून बघितलं. मनू अंगणात, ढोलवाल्याच्या पायाशी. दोन्ही हातांनी ढोल बडवत होती. सगळे हसले. आईंनी तिला उचललं आणि म्हणाल्या, "झाला उंबरा."
मी म्हटलं, एवढ्या गर्दीत कोणीतरी उचलून ठेवली असेल. येसूकाकी म्हणाली, "मी बगलंय डोळ्यांनी. आधी डोकं आलं, मग ढुंगान. अख्खी पोर आली, काय ऱ्हायलं नाय आत."
रात्रभर फळ्या ओटीवरच राहिल्या.

शुक्रवार, २१ मार्च
आज त्याचा फोन लागला. मनूने उंबरठा ओलांडला, सांगितलं. कानवले अजून केले नाहीत, कधी येतोस, असं विचारलं. म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका. मी विचारलं, कानवल्यांसाठी ना? मागून एका बाईने हाक मारली, गुरू, ताट वाढलंय. मग म्हणाला, कशासाठीच थांबू नका.
टीव्हीवरची बाई असेल, असं लिहिणार होते. टीव्हीवरची बाई त्याला गुरू म्हणणार नाही.
आईंना सांगितलं. चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "सागर माला पन सांगून गेलान. तू दाराला फळ्या मारून बसलीवतीस, मी काय बोलू?" मग पदर तोंडाला लावला. मनू त्यांच्या पाठीला धरून उभी राहत होती, पडत होती, परत उभी राहत होती. आम्ही दोघींनीही तिला बसवलं नाही.
घरात नारळ एकच उरलाय. रवाही आणायचा आहे. येसूकाकीच्या नातवंडांना सांगून आले: कानवले खायला या. सोमवारी, २४ मार्चला, सकाळी.