कोंबड्यांचं माहेर

मिल क्रीक, व्हर्जिनिया
गुरुवार, १९ एप्रिल

ती. आर्डिथताईस,

धाकट्या एमरीचा साष्टांग नमस्कार (वाकलं की पाठ धरते, म्हणून मनातल्या मनात). तुझा गुडघा कसा आहे? भावजी अजून रेडिओशी भांडतात का? एव्हाना तुला आमच्या चर्चमधल्या अनोळखी बायकांची पंधरा-वीस पत्रं आली असतील. ‘या संकटात देव तुम्हाला बळ देवो’ वाचून तू डॉक्टरांकडे जाऊन तपासूनही आली असशील. ताई, तुला काहीही झालेलं नाही. संकट म्हणजे मी.

त्याचं असं झालं, की फेब्रुवारीत माझ्या अंगणात दाणे टिपायला येणाऱ्या फिंच पाखरांचे डोळे सुजायला लागले. छातीवर लाल रंग मिरवणारी ती पाखरं डोळे मिटून भांड्याच्या कडेवर बसून राहायची, मांजर आलं तरी हलायची नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात शेजारच्या लिओटाच्या कोंबड्या शिंकताना दिसल्या. आता शिंकणाऱ्या कोंबड्या इथे आणि सुजलेले डोळे तिथे, मधे एक कुंपण. माणसाने काय समजायचं? (तू म्हणशील, समजायचं आणि गप्प बसायचं. ते मला कधी जमलंय?) रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. कुणी नातवाच्या नोकरीसाठी मागितलं, कुणी नवऱ्याच्या मोतीबिंदूसाठी. मी उठलो आणि ‘एका शेजारणीच्या कोंबड्यांमुळे आंधळ्या होत चाललेल्या मुक्या पाखरांसाठी’ प्रार्थना मागितली. नाव घेतलं नाही हं! पण माझ्या घराच्या एका बाजूला गाईंचं कुरण आहे आणि दुसऱ्या बाजूला लिओटा, हे सगळ्यांना ठाऊक. चार वर्षं ती माझ्याच बाकावर बसत होती. पुढच्या रविवारपासून पार पलीकडे, खिडकीपाशी जाऊन बसली.

मग विद्यापीठातून डॉ. प्रेंटिस म्हणून एक बाई आल्या. त्यांनी जाळी लावून माझे फिंच धरले, लिओटाच्या कोंबड्या धरल्या आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून, घशातून कापसाच्या काड्या फिरवल्या. सहा आठवड्यांनी निकाल घेऊन परत आल्या आणि आम्हा दोघांना लिओटाच्या ओसरीवर बसवून समजावलं. जंतू नावाने एकच, पण त्यांची जनुकं वाचली की कूळ कळतं. फिंचांतले जंतू आणि कोंबड्यांतले जंतू भाऊबंद खरे, पण वाटण्या होऊन तीसेक वर्षं झाली; आता चेहरेपट्टीही जुळत नाही. म्हणजे लिओटाच्या कोंबड्यांनी माझ्या पाखरांना काही केलं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, की कोंबड्यांमधल्या जंतूंचा वाण मात्र या खोऱ्यातला नाही, ओहायोतल्या नमुन्यांशी जुळतो. ‘यातल्या कुणाचं माहेर ओहायोला आहे का?’

ताई, आता एक कबुली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला तू ज्या तीन कोंबड्या प्रेमाने ओहायोहून गाडीतून आणून दिल्यास, त्या मी आठवड्याभरात लिओटाला देऊन टाकल्या. (तुला दर पत्रात लिहीत आलो त्या अंड्यांचं वर्णन खरं आहे, खात ती होती.) आणि तिला सांगितलं, की खास तिच्यासाठी बाजार धुंडाळून निवडून आणल्या. तिच्या अकरा जुन्या कोंबड्यांना त्यांनीच दुखणं लावलं. त्या जगतील, पण जंतू आता जन्मभर अंगात राहणार. हे सगळं मला तिथेच ओसरीवर कबूल करावं लागलं. लिओटा उठून खुराड्याकडे निघून गेली.

म्हणून मागच्या रविवारी पुन्हा उठलो आणि ‘ओहायोतल्या माझ्या बहिणीसाठी, जिच्या कोंबड्यांनी नकळत एका भल्या बाईचं नुकसान केलं’ अशी प्रार्थना मागितली. तुला आलेली पत्रं त्याचीच.

तुझा,
एमरी

ता. क. खरं काम आता लिहितो. चर्चच्या दारात लिओटा मला म्हणाली, ‘आधी माझ्यावर ढकललंस, आता बहिणीवर. स्वतःचं नाव कधी घेणार आहेस?’ तेव्हा तू तिला एक पत्र लिही. मी लहानपणापासून असाच आहे, पण मनाचा वाईट नाही, असं काहीतरी. मला ती पुन्हा माझ्या बाकावर हवी आहे, ताई. उरलेल्या सगळ्या रविवारी.

ता. क. २. रविवार, संध्याकाळ. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. आज उठलो आणि सगळं सांगितलं: कोंबड्या भेट आलेल्या, खोटं दोघींशी बोललो, प्रार्थना हवी ती मलाच. खाली बसलो तर कान तापले होते. मग पलीकडून लिओटा उठली. म्हणाली, ‘मला एका माणसासाठी प्रार्थना हवी आहे. त्याला एकाहत्तराव्या वर्षी अक्कल आली आहे. ती टिकावी.’ सगळं चर्च हसलं. ती मात्र पर्स उचलून चालत आली आणि माझ्या शेजारी बसली.

तेव्हा तिला पत्र लिहू नकोस. आणि दुखणं तुझ्याच खुराड्यातून आलंय, तेव्हा जत्रेत बक्षीस मिळवलेला तुझा तो कोंबडा गावभरच्या कोंबड्यांसाठी उसना देणं आधी बंद कर.