पेडलमागची फळी

डँडेनॉन्ग,
गुरुवार

प्रिय लविना,

तू फोन उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सिंथियामावशी रोज संध्याकाळी मम्मीला मेसेज करते. त्यावरून कळतं की तू सिडनीत क्वेकर्स हिलला तिच्या घरी मागच्या खोलीत असतेस, थोडंफार जेवतेस आणि दुपारी एकटीच चालायला जातेस. काल तिने कळवलं की एअरलाइनकडून राजीनाम्याचा कागद आला आहे, सोमवारपर्यंत सही करून पाठवायचा आहे आणि तू सही करणार म्हणतेस. ‘शारीरिक मर्यादेमुळे मी हे प्रशिक्षण स्वतःहून सोडत आहे,’ असं त्यात लिहिलंय म्हणे. मम्मीने ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं. आज मी शिफ्टला गेलो नाही. मराठीत लिहितोय, कारण माझं इंग्रजी वर्कशॉपपुरतं आहे. तू वसईला चौथीपर्यंत शिकलीस, तेवढं पुरेल. एखादा शब्द अडलाच तर सिंथियाला विचारू नकोस, थांबून पुन्हा वाच. हे आधी तू एकटीने वाचायला हवं.

मम्मीचा गुडघा बरा आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्सानंतर सगळे तुझी चौकशी करतात आणि ती सगळ्यांना सांगते की लविना रजेवर आहे. खोटं बोलल्याचं पाप लागेल म्हणून नंतर घरी येऊन माझ्यावरच चिडते. परवा म्हणाली, “पोरीला तुझी उंची मिळाली असती तर काय बिघडलं असतं? नाक तेवढं दिलंस.” मी हसलो. मग भांडी घासायला उठलो, कारण तिच्यासमोर बसवेना.

तुला आमच्या वर्कशॉपमधलं ते लाकडी विमान आठवत असेल. नव्वद सीटच्या नव्या विमानाच्या कॉकपिटचं मॉक-अप. परदेशातल्या कंपनीचं काम होतं आणि खऱ्या धातूला हात लावण्याआधी सगळं प्लायवूड आणि फोममध्ये बनवून बघायचं, अशी त्यांची पद्धत. घड्याळांच्या जागी छापील कागद चिकटवलेले, बटणं लाकडाची, पण अंतरं सगळी खरी. डोळ्यापासून काचेपर्यंत, खांद्यापासून वरच्या स्विचपर्यंत, सीटपासून पेडलपर्यंत. माझं काम त्या अंतरांचं होतं. आजोबांनी वसईच्या चर्चचे बाक बनवले, मी विमानाचं नाक बनवलं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, एव्हिएशनच्या दुसऱ्या वर्षाला, आणि माझी थट्टा करायचीस, “पपा, युअर प्लेन हॅज टर्माइट्स.”

मग नोटीस लागली की चाचणीला बसायला लोक हवेत, खूप उंच पुरुष आणि खूप बुटक्या बायका. नीलिमा तेव्हा ते बघायची. पुण्याची, चष्मेवाली, माणसाच्या मापाप्रमाणे कॉकपिट बसतंय की नाही हे तपासणारी इंजिनिअर. तिने मला विचारलं, “तुमची मुलगी पायलट होतेय ना? उंची किती?” मी म्हटलं पाच फूट एक. ती म्हणाली, “अगदी अशीच हवी होती.” मला किती बरं वाटलं ते तुला काय सांगू. घरी येऊन मी ते मम्मीला असं सांगितलं, जणू तुझी निवडच झाली.

चाचणी कशी असणार ते मला माहीत होतं. आधी सीट वर घेऊन डोळे ठरलेल्या खुणेशी आणायचे, म्हणजे बाहेरची धावपट्टी आणि समोरची घड्याळं दोन्ही नीट दिसतात. मग खांद्याचे पट्टे घट्ट करायचे आणि तसंच बसून डावं पेडल शेवटपर्यंत दाबायचं, मग उजवं. आदल्या रविवारी मी तुला किचनच्या भिंतीला टेकवून खाली बसवलं आणि टेप लावली. युनिफॉर्मची पँट शिवायचीय, असं सांगितलं. तू मोबाइलवर काहीतरी बघत होतीस, तुझं लक्षही नव्हतं. पेडलची अंतरं मला पाठ होती. मी तिथेच हिशेब केला. तू चोवीस मिलिमीटर कमी पडत होतीस. इंचाला थोडंसंच कमी.

लविना, माझ्या आयुष्यात परीक्षा नेहमी माणसाचीच झाली. इथे यायला इंग्रजीची परीक्षा दिली, दोनदा. सुताराच्या हाताची परीक्षा दिली. छातीचा एक्स-रे काढला. प्रत्येक खेपेला टेबलापलीकडे कुणीतरी कागद घेऊन बसलेलं असायचं आणि मी कुठे कमी पडतो ते शोधायचं. कमी पडलो असतो तर आपण तिघं वसईलाच राहिलो असतो. मला वाटलं, तुझ्या नावापुढे ‘पाय पोचत नाही’ असं लिहिलं गेलं, तर ते कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये राहील आणि उद्या नोकरीच्या वेळी वर येईल. पण ती परीक्षा कॉकपिटची होती. तुझा पाय पोचला नसता तर पेडल जवळ आणलं गेलं असतं, आणि तेवढ्यासाठीच तुला बोलावलं होतं. हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, कारण वर्कशॉपमध्ये ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी विचारलंही नाही.

मंगळवारी सकाळी मापं तपासून झाली, सह्या झाल्या. स्मोकोच्या सुट्टीत सगळे चहा घ्यायला बाहेर गेले. मी पेडलचा ठोकळा सोडवला, त्याच्या मागे अठरा मिलिमीटरची एक प्लायवूडची फळी आणि तिच्यावर सहाची एक पट्टी घातली आणि पुन्हा स्क्रू आवळले. दहा मिनिटांचं काम. वरून त्याच करड्या रंगाचा हात मारला. तू अकराला आलीस, बसलीस, पट्टे बांधलेस आणि दोन्ही पेडलं शेवटपर्यंत दाबून दाखवलीस. नीलिमाने विचारलं, “ओढ बसतेय का?” तू म्हणालीस, “नो वरीज.” ती लिहीत होती आणि मी मागे उभा राहून हात पुसत होतो. संध्याकाळी मी ती फळी काढली, कापली आणि भुशाच्या डब्यात टाकली. त्या रात्री आपण फॉस्टर स्ट्रीटवर जेवायला गेलो, तू चायनीज मागवलंस आणि मम्मी म्हणाली, “लाकडाचं विमान चालवल्याची पार्टी.”

पुढे खऱ्या विमानात पुन्हा सगळं तपासतील असं मी धरून चाललो. सात वर्षं मी ते मनातून काढून टाकलं होतं. एअरलाइनमध्ये तुझी निवड झाली आणि तेच विमान तुला मिळालं, तेव्हा मी वर्कशॉपमध्ये केक वाटला.

फेब्रुवारीत तुझा पहिला फोन आला. सिम्युलेटरमध्ये उड्डाण करतानाच एक इंजिन बंद पाडतात, विमान एका बाजूला वळायला लागतं आणि दुसरीकडचं पेडल पूर्ण दाबून धरावं लागतं. तू सांगत होतीस की पेडलं जवळ आणायचा दांडा शेवटपर्यंत फिरवला, तरी पूर्ण दाबताना कंबर पुढे घसरते, मग डोळे खाली जातात आणि धावपट्टीच दिसेनाशी होते. तू रडत नव्हतीस. “इट्स जस्ट अ बिट, पपा, दोन बोटं,” म्हणालीस. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आणि मी तुला काय म्हणालो, ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, “सराव कर. पायाचे व्यायाम कर. जमेल.”

मग मी फॉस्टर स्ट्रीटच्या शिंप्याकडून तुझ्या पाठीमागे घ्यायला ती जाड उशी शिवून घेतली आणि सिडनीला पाठवली. उशीने पाय पोचला, पण तू इतकी पुढे सरकलीस की समोरचा विमान चालवायचा दांडा पोटाला लागायला लागला, आणि दुसऱ्या तपासणीत त्यांनी तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी तू उशी नेलीच नाहीस, आणि पुन्हा पाय पोचला नाही. चार महिने, लविना. चार महिने तू मला दर आठवड्याला सांगत होतीस की माझंच काहीतरी कमी आहे, आणि मी हो हो म्हणत व्यायाम सुचवत होतो. फळी घातली ती एका अडाणी बापाने घातली, असं म्हणता येईल. या चार महिन्यांना मला काहीच म्हणता येत नाही.

मागच्या शनिवारी मी नीलिमाकडे गेलो. ती आता दुसऱ्या कंपनीत आहे. तिने दारातच विचारलं, “रॉककाका, सगळं ठीक ना?” मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली की सगळ्यात लहान मापाची माणसं मॉक-अपमध्ये व्यवस्थित पोचली होती, म्हणून पेडलं होती तिथेच राहिली आणि पुढच्या चाचण्यांना तिनेच जरा उंच बायका घेतल्या. तिची सही आहे त्यावर. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, “काका, तुमच्या लविनासारख्या आणखी किती जणी उशा घेऊन बसत असतील?” आणि मग म्हणाली, “त्यांच्या मागे विमानभर बसलेली माणसं तर वेगळीच.” ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी तोवर तुझाच विचार करत होतो.

मम्मीला मी आज पहाटे सांगितलं. तिने चहाचा कप धुतला, पालथा ठेवला आणि अंगणात जाऊन कोथिंबिरीला पाणी घालत राहिली. पाणी वाहून वाटेपर्यंत आलं तरी नळ बंद केला नाही. आत येऊन एवढंच म्हणाली, “तिला कळव. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.”

म्हणून हे पत्र, उद्या पोचेल अशा एक्स्प्रेस पोस्टाने. विमान बनवणाऱ्या कंपनीला आणि हवाई सुरक्षेच्या ऑफिसला माझं लेखी निवेदन आज सकाळी गेलं, नीलिमाचं काल गेलं. वर्कशॉपमध्ये मी दुपारी जाऊन सांगणार आहे. ते मला ठेवणार नाहीत, आणि ते बरोबर आहे. सोमवारी तुला कुणीतरी फोन करेल आणि विचारेल की तुला माहीत होतं का. खरं ते सांग, मला सांभाळू नकोस. यातून तुझी सीट परत मिळेलच असं नीलिमा म्हणत नाही. चौकशीला वर्ष लागेल, आणि तोवर एअरलाइन काय करेल ते तिलाही माहीत नाही. पण त्या कागदावर सही करू नकोस. त्यावर जे लिहिलंय ते मी केलेलं आहे. निवेदनाच्या फॉर्मवर एक रकाना होता, चाचणीला बसलेल्या व्यक्तीशी तुमचं नातं. बाकी चार पानं मी एका बैठकीत भरली. त्या रकान्यात ‘वडील’ हा शब्द लिहायला मला पाऊण तास लागला.

तू ठेवशील तोवर तुझाच,
पपा