घरच्या माणसाशी करार कसला!

देवास, मंगळवार, मार्च २००६

सतवासचे सोयाबीन-व्यापारी मदनलालजी सकाळी येऊन गेले. तेव्हापासून मन कडू आहे.

माझ्या श्रीधराने मंडीच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहिले, सर्वांना विनामूल्य दिले, त्याची अंतर्गत रचनाही खुली ठेवली. चिरंजिवांची मिळकत एकच: वर्षाचा देखभाल-करार. मदनलालजींनी तो यंदा इंदूरच्या कंपनीशी केला. सॉफ्टवेअर श्रीधराचेच, कंपनीने वर स्वतःचे नाव लावले. परवान्यानुसार तो तिचा हक्कच, म्हणे.

"आमच्याशी का नाही केलात?" मी विचारले.

"अरे बाबूजी, श्रीधर भिया तो घर का आदमी है. घरवालों से क्या लिखा-पढ़ी!" वर हक्काने दुसरा चहा मागितला.

घरचा माणूस! म्हणजे ज्याला जेवणावरून उठवून फोनवर अडचण सोडवून घ्यावी, आणि पैसे मात्र परक्याला द्यावेत? हा कुठला न्याय? आणि श्रीधर तरी... प्रत्येक फोन उचलतो.

सायंकाळी त्याच कंपनीचा फोन. मदनलालजींचे काम अडले होते आणि तेथे कोणालाच काही उमगत नव्हते. श्रीधराने शांतपणे सर्व समजावून दिले. फुकट! मी संतापलो.

"बाबा, सोमवारपासून मी तिथेच नोकरीला जातोय. आपलं ऑफिस बंद करतोय. हेच काम, पण पगार मिळेल."

म्हणजे माझा मुलगा परका झाल्यावरच मदनलालजी त्याच्या श्रमाचे मोल देणार. तेही अर्धे कंपनीच्या घशात. सूनबाईंनी देवापुढे साखर ठेवली. माझ्या हातावरही चिमूटभर दिली. मी ती खाल्ली नाही.