एकाच रंगाचा रणगाडा

ता. ६ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पाकीट मिळालं. आतला फोटो आधी तुझ्या वहिनीने पाहिला, कारण पाकिटावर नाव माझं असलं तरी ते फोडायचा मान या घरात तिचा. तिने विचारलं, भावजींनी विटा वाहायची गाडी केली आहे का. मग मी चष्मा लावून पाहिलं. अरे, वीतभर मॉडेल, पण काम झकास आहे! साखळीचा एकेक दुवा सुटा दिसतो, तोफेच्या नळीला कुठे सांधा दिसत नाही, आणि पत्र्यावरच्या वेल्डिंगच्या रेघासुद्धा उठवल्या आहेस. चाळीस वर्षं लेथवर राबलेला हात आहे, हे सांगावं लागत नाही.

पण रंग कसला रे हा? रशियन रणगाडा म्हणजे चाकापासून टोपणापर्यंत नुसता हिरवा, असं मागे तूच लिहिलं होतंस. हा तर विटकरी झाला आहे. गंज दाखवायचा होता म्हणावं, तर गंज असा एकसारखा चढत नाही. मी जन्मभर पाट्या रंगवल्या, मला काय फसवतोस? काय विचार होता ते कळव.

आणि पत्र जरा लांब लिही. दीड वर्ष झालं, तुझं पत्र म्हणजे तीन ओळी. आपल्या घरची धाकटी सून होती तेव्हा तुझ्या सहीखाली तिच्या चार ओळी असायच्या आणि खरी बातमी त्यातच असायची. तू कधी जेवतोस, किती खोकतोस, सगळं. आता तुझी बातमी तुलाच द्यावी लागणार, त्याला इलाज नाही.

माया आहेच, ती उत्तर पाठवून वाढव.
दादा


ता. १९ जानेवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

वहिनींना सांगा, विटांची गाडी नाही. मी हिरवाच लावला होता. म्हणजे मला तो हिरवाच वाटला.

एवढं लिहून मी दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आता सांगूनच टाकतो. दादा, मला हिरवा आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत. गडद लालही त्यांच्यातच जाऊन बसतो. लहानपणापासून असंच आहे. कारखान्यात कुणाला पत्ता लागला नाही, कारण लोखंडाला रंग एकच आणि मोजायला हातात मायक्रोमीटर. फक्त हिला माहीत होतं. लग्नानंतर आठव्या दिवशीच हिने ओळखलं, मी लाल म्हणून किलोभर कच्चे टोमॅटो आणले तेव्हा. हसली, पोट धरून हसली, पण कुणाला सांगितलं नाही.

मॉडेलच्या रंगांचे डबे वाळून जायचे म्हणून हिने ते औषधाच्या जुन्या बाटल्यांत ओतले आणि प्रत्येकीवर आपल्या हाताने चिठ्ठी लिहून चिकटवली. अशा बारा बाटल्या. मी नुसतं वाचून उचलायचो. ही गेल्यावर मी त्या कपाटाला वर्षभर हात लावला नव्हता. दिवाळं निघालेल्या दुकानासारखी धूळ बसली होती. मला घाण खपत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. बाटल्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवल्या आणि तासाभराने पाहतो तर बाराही चिठ्ठ्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या. वर्तमानपत्रात दाबून वाळवल्या. शाई पक्की निघाली, एकही अक्षर फुटलं नाही. पण कोणती चिठ्ठी कोणत्या बाटलीची, ते सांगणारं माणूस नाही.

हा रणगाडा हिनेच दुकानातून निवडला होता. म्हणाली, याला एकच रंग लागतो, निदान हा तरी तुमच्याच्याने चुकायचा नाही. खोकं उघडलं आणि त्याच आठवड्यात ती दवाखान्यात गेली. आम्ही दोघांनी सुरू केलेलं हे शेवटचं काम आहे, दादा. ते चुकीच्या रंगात राहू द्यायचं नाही. रंग खरवडून काढायला घेतला आहे, पण पुढे कोणत्या बाटलीवर हात ठेवू? इथे विचारणार कुणाला? खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. पण सदुसष्टाव्या वर्षी दार वाजवून हा रंग कोणता हो असं विचारायचं, तेवढी माझी छाती नाही. दिवसाकाठी मी बोलतो ते फक्त दूधवाल्याशी. त्यालाही घाई असते.

वहिनींना नमस्कार. आठवण ठेवावी.
आपला बारक्या


ता. २७ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि खिशात घालून जिन्यात जाऊन बसलो. वहिनी दोनदा हाक मारून गेली.

सायकलच्या दुकानाची ती पाटी तुला आठवत असेलच. मी तर विसरलो नाही. अक्षरं हिरवी, सावली तपकिरी असं मी सांगितलं होतं आणि तू नेमकं उलट केलंस. मला वाटलं, मुद्दाम. अठरा वर्षांचा होतास. दुकानदारासमोर मी विचारलं, तुला डोळे आहेत की बटणं, आणि ब्रश फेकून मारला. दुसऱ्या दिवशी तू कारखान्यात नाव घातलंस. मी सगळ्यांना सांगत राहिलो की धाकट्याला कलेची आवड नाही. एकोणपन्नास वर्षं सांगितलं. बारक्या, रंगांतलं मला फार कळतं असा माझा समज होता. तो दिवस मला परत घेता येत नाही, पण चूक माझी होती, हे लेखी घे.

आता कामाचं. त्या बाराही बाटल्या बाजूला ठेव. तयार हिरवा विकत मिळेल, पण त्याची चिठ्ठी सुटली की पुन्हा तेच, त्यापेक्षा रंग स्वतःच कर. रंग शिकवायला मला गुरू नव्हता. डबे सांडून सांडून जे कळलं, त्यातलं एक तुला सांगतो. पिवळ्यात काळा घातला की हिरवा होतो. निळा लागत नाही. आणि लष्करी गाडीला शोभेल असा मळका, शेवाळी हिरवा होतो. पिवळा आणि काळा तर तुला दिसतात ना? या दोघांत तुझे डोळे तुला फसवणार नाहीत.

तीन नव्या बाटल्या आण, पिवळी, काळी आणि पांढरी. पिवळा लिंबाच्या सालीसारखा हवा, अंड्याच्या बलकासारखा नको. नेहमी पिवळ्यात काळा घालायचा, काळ्यात पिवळा नव्हे. काळा भारी हावरा, एका घासात सगळं गिळतो. दहा थेंब पिवळ्याला एक काळा, मग काडीच्या टोकाने अर्धा अर्धा. शेवटी पांढऱ्याचं एक बोट, कारण लहान वस्तूवर रंग आहे त्याहून गडद दिसतो. दिव्याखाली मिसळू नकोस, खिडकीत बस. प्रत्येक मिश्रणाची पट्टी कागदावर ओढ आणि थेंब लिहून ठेव. मायक्रोमीटरवाल्याला मोजायला मी काय शिकवणार!

रागावला असशील तर रागव, पण उत्तर थांबवू नकोस.
दादा


ता. ११ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो नाही. पाटीचं तुम्हाला आठवत असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

सात पट्ट्या ओढल्या. पाचवी, म्हणजे दहा पिवळे, अडीच काळे आणि पांढऱ्याचं एक बोट, ती सोबत पाठवतो. बाटलीभर तसाच रंग करून ठेवला आहे. मोजमापात चूक नाही, तीनदा करून पाहिलं. पण दादा, मला तो खरवडून काढलेल्या रंगासारखाच दिसतो. खिडकीत बसून तासभर पाहिलं. शेजारी कुणी असतं तर एका शब्दाचं काम होतं.

रणगाडा उघडा पडला आहे. हिरवा झाला का, एवढंच कळवा. तुम्ही हो म्हणालात की लावतो.

आपला बारक्या


ता. १८ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पट्टी मिळाली. पण काय सांगू, माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. हिरवा म्हणावा तर हिरवा, तपकिरी म्हणावा तर तपकिरी. वहिनीला दाखवावं म्हटलं तर ती बहिणीकडे गेली आहे. माझ्या भरवशावर राहिलास तर रणगाडा पुन्हा विटांचा होईल आणि खापर माझ्यावर फुटेल.

तेव्हा असं कर. खालच्या त्या बाई दिवसभर कापडाला दोरा जुळवतात. तसली नजर मला तरुणपणीही नव्हती. रणगाडा काखेत मार, बाटली घे आणि जिना उतर. सोळा-सतरा पायऱ्या असतील. प्रश्नही एकाच ओळीचा आहे. उत्तर काय आलं ते मला कळव. तोवर मी डोळे मिटून बसतो.

तुझा आंधळा
दादा


ता. २ मार्च

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पायऱ्या बावीस आहेत.

बाईंनी दार उघडलं तेव्हा तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे आधी मलाच बोलावं लागलं. दारातच सगळं सांगून टाकलं, चिठ्ठ्यांसकट. त्यांनी टाचण्या काढल्या, बाटलीत काडी बुडवली आणि रणगाड्याच्या पोटाखाली एक रेघ ओढली. मग रिळांचा डबा आणला. एकेक रीळ रेघेला लावून पाहत होत्या, घाई नाही काही नाही. नवव्या रिळाला थांबल्या आणि म्हणाल्या, हिरवा आहे, चांगला शेवाळी हिरवा, आणि हा घ्या त्याचा दोरा, पुन्हा रंग करायचा झाला तर जुळवायला. हातभर तोडून सोबत पाठवतो आहे. टेबलावर बटणांचाही डबा होता. तो पाहून मला तुमची आठवण झाली आणि हसू आलं. का हसलो ते मग त्यांना सांगावं लागलं.

मग त्यांनी भीतभीत विचारलं की मी वर्षभर एक मोजा हिरवा आणि एक तपकिरी घालतो ती फॅशन आहे का. त्यांना वाटायचं, माणूस हौशी दिसतो. परवा माझे सगळे मोजे घेऊन खाली गेलो होतो. त्यांनी जोड्या लावून प्रत्येक जोडीला एक टाका घालून दिला. माझ्याकडून त्यांच्या मशीनचं चाक सरळ करून घेतलं. दोन महिने खडखडत होतं म्हणे. मला वरून ऐकू यायचं, पण आपण काय करायचं म्हणून गप्प होतो.

रणगाडा पुरा झाला. खिडकीत ठेवला आहे. मला तो अजूनही पहिल्यासारखाच दिसतो, पण आता तो हिरवा आहे हे मला माहीत आहे. वर्तमानपत्रातली हिची चिठ्ठी काढली, ‘रशियन हिरवा, हाच घ्या, दुसरा नको’ असं लिहिलेली, आणि नव्या बाटलीवर चिकटवली. बाकी अकरा चिठ्ठ्या आणि बाटल्या घेऊन बुधवारी खाली जायचं आहे.

राहता राहिला तुमचा मोतीबिंदू. दादा, तीन वर्षांपूर्वी तो काढला, तेव्हा ही आणि मी पंधरा दिवस तुमच्याकडे होतो. तुमच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब मीच घालायचो, मोजून. फोटोतल्या वेल्डिंगच्या रेघा दिसणाऱ्या माणसाला चार बोटं रुंद पट्टी दिसत नाही, हे मी मानायचं? पत्र वाचून तीन दिवस फुगून बसलो होतो. चौथ्या दिवशी जिना उतरलो.

वहिनी बहिणीकडून परत आल्या असतील, गेल्याच असतील तर. त्यांना नमस्कार.

लोभ आहेच, तो ठेवा. आणि गरज पडेल तेव्हा असंच खोटं लिहीत जा.
आपला बारक्या